बावखल भरायला लागणारे दिवस

सोमवार, १२ जानेवारी २००४

कराडहून निघालेली ट्रंक आणि मी, दोघीही धडधाकट अवस्थेत उमेळ्याला पोहोचलो! आईने बरोबर दिलेल्या लोणच्याच्या बरणीला मात्र तडा गेला आणि ट्रंकेतल्या दोन ओढण्या कायमच्या आंबट झाल्या. एवढंच नुकसान.

खोली छान आहे. लुसी आंटींच्या घराच्या मागच्या अंगाला, स्वतंत्र दाराची. खिडकीतून केळी दिसतात आणि केळींच्या मागे चार मजली इमारत, तिच्या मागे आणखी एक. आंटी साठीच्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे त्यांचा भाचा फ्रान्सिस राहतो. तो आमच्याच साइटवर डंपर चालवतो, हे कळल्यावर मला एकदम घरातलं माणूस भेटल्यासारखं झालं. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकी कोलंबी होती. कोलंबी सोलायची असते हे मला ठाऊक नव्हतं. फ्रान्सिस हसून हसून ठसकला, आंटींनी त्याला पाठीत धपाटा घातला.

साइट चालत दहा मिनिटांवर. पूर्वी ती आंटींच्या सासरची वाडी होती, दिरांनी विकली. आता तिथे सात इमारती उभ्या राहायच्या आहेत. साइटचे प्रमुख मयेकर साहेब मालवणचे आहेत, पन्नाशीचे, नालासोपाऱ्याला राहतात. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले की या पत्र्याच्या कंटेनरमध्ये उन्हाळ्यात आपण दोघंही शिजून निघणार आहोत, तेव्हा खिडकीजवळची खुर्ची तू घे. नवा कॉम्प्युटर आहे. मी प्लॅनिंग इंजिनियर आहे. हे दोन शब्द मी आज मनात कितीदा तरी म्हणून पाहिले.

शुक्रवार, १६ जानेवारी

काम मला फार आवडतंय. कुठल्याही कामाचं आधी परिमाण काढायचं: विटकाम किती घनमीटर, प्लास्टर किती चौरस मीटर. मग एक गँग दिवसाला किती उरकते ते बघायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की दिवस निघतात. दोन्ही आकडे प्रोग्रॅममध्ये घातले की पडद्यावर तेवढ्याच लांबीची निळी पट्टी उमटते. माणसं वाढवली की पट्टी आखडते. पुस्तकातले दर पुस्तकातच राहतात, आपले गवंडी बघ, असं मयेकर साहेबांनी सांगितलं, म्हणून मी सकाळपासून टेप घेऊन भिंतीपाशी उभी होते. गवंड्यांना वाटलं मी चुका काढायला आलेय. त्यांनी मला चहा पाजला आणि एकदम सावकाश काम केलं.

वाडीच्या कोपऱ्यात एक बावखल आहे. शेताला पाणी द्यायला खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला इकडे बावखल म्हणतात. पूर्वी वाडीवाडीत असायचं. आमची 'सी' इमारत नेमकी त्यावर येते, म्हणून ते मुरमाने भरायचं आहे. भरणीचं काम गावातल्याच मार्सेलकडे आहे. त्याने पिंपांचा तराफा बांधला आणि आम्ही खुणा केलेला बांबू घालून खोली मोजली. सगळीकडे पंधरा फूट. पाणी इतकं स्वच्छ की बांबू खालपर्यंत दिसत होता. मार्सेलच्या गाड्या, दिवसाच्या फेऱ्या, रोलर, सगळं घातलं. प्रोग्रॅम म्हणाला, वीस दिवस. सगळ्या वेळापत्रकातली ही सर्वांत आखूड पट्टी आहे.

शनिवार, ३१ जानेवारी

साइटवर मैत्रीण झाली. कमळी तिचं नाव, चिंचोटीच्या वरच्या पाड्यावरची. नवरा-बायको दोघंही इथे मजुरीला येतात. ती दुपारी कंटेनरच्या सावलीत भाकरी खायला बसते. आज आत डोकावून विचारलं की दिवसभर या डब्यापुढे बसून तू करतेस काय. मी सांगितलं की कुठल्या कामाला किती दिवस लागतील ते आधी काढते.

ती म्हणाली, "बाय, मंग माजा घर किती दिसात होल, ता सांग ना."

मग आम्ही खरोखरच बसलो. भिंती कुडाच्या, छपराला कौलं, माणसं दोन, तीही फक्त रविवारी मोकळी. मी सगळं प्रोग्रॅममध्ये घातलं. पट्टी दिवाळीपर्यंत गेली. कमळीने पडद्यावर बोट ठेवून ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली आणि म्हणाली की एवढाच ना, मग होल.

सोमवारपासून बावखलाची भरणी सुरू.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

वीस दिवस होऊन गेले. बावखल पंधरा फूटच आहे.

आधी मला वाटलं फेऱ्या खोट्या दाखवतायत. म्हणून मी स्वतः काठावर छत्री घेऊन बसले. एकही फेरी खोटी नाही. गाडी येते, मुरूम ओतते, पाणी गढूळ होतं, थोड्या वेळाने निवळतं. बांबू घातला की पंधरा फूट. मार्सेल चिडला. म्हणाला, मॅडम, माझ्या बापाने पण या गावात माती टाकलीय, असं कधी पाहिलं नाही.

मयेकर साहेबांचं म्हणणं असं की खाली खाडीची चिखलमाती असणार. वरून भार पडला की ती बाजूला सरते आणि मुरूम आत जातो. पटण्यासारखं आहे. फक्त चिखल बाजूला सरला तर आजूबाजूची जमीन कुठेतरी फुगायला हवी. आम्ही दोघांनी लेव्हल लावून सगळी वाडी तपासली. जमीन कुठेच फुगलेली नाही.

प्रोग्रॅममध्ये काम झालं किती, हा रकाना भरावा लागतो. मी शून्य भरलं. उरलेले दिवस वीस. मागच्या आठवड्यातही वीस होते.

बुधवार, १० मार्च

फ्रान्सिस गेला.

सकाळची वेळ होती. मी कंटेनरच्या दारात उभी होते. त्याने रोजच्यासारखा डंपर मागे घेतला, मागची चाकं काठापासून चांगली हातभर आत थांबली. गाडी थांबली होती. मी पाहिलं. काठ ढासळल्याचं सगळे म्हणतायत, पण काठ ढासळला नाही, हे मला इथे नीट लिहून ठेवायचं आहे. थांबलेली गाडी मागे सरकू लागली, कोणी दोर बांधून ओढावी तशी, सावकाश. पुढची चाकं फिरत नव्हती, मातीत घासत जात होती. फ्रान्सिसने दार उघडलं. त्याचा एक पाय बाहेर आला होता. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा लाज जास्त होती, गाडी हातातून सुटल्याची.

पाणी उडालं नाही. बुडबुडाही आला नाही.

आंटींना सांगायला मीच गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं की आज तो डबा घेऊन गेला होता का.

शुक्रवार, १२ मार्च

दोन दिवस क्रेन लावली. पाचूबंदरहून कोळी आले, लांब काठ्या आणि गळ घेऊन. पट्टीचे पोहणारे. त्यांनी सगळं बावखल पायाखाली घातलं. डंपर नाही. काठ्या टणक जमिनीला लागतात. एका कोळ्याने मयेकर साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की साहेब, आत गाडी पडलीच नाही, तुमच्या माणसांना भास झाला असेल. आम्ही सात जणांनी पाहिलं होतं.

पंचनाम्यात 'वाहन चालकासह चिखलात रुतले' असं लिहिलं.

कोळी गेल्यावर मी सवयीने बांबू घातला. दहा फूट. चारी कोपऱ्यांत घातला. दहा. मंगळवारी पंधरा होतं.

सोमवार, १५ मार्च

मार्सेलने त्याच्या गाड्या काढून नेल्या. दुसरा कंत्राटदार आला, त्याच्या गाड्या ओततायत, पाणी दहा फुटांवरच आहे.

आज मी आकडा भरला. महिनाभर शून्य, आणि बुधवारी एका दिवसात एकतृतीयांश. प्रोग्रॅमला काय कळतं, तो भागाकार करतो. शेवटी झालेल्या कामाचा वेग धरून त्याने उरलेले दिवस दाखवले.

दोन.

मी मयेकर साहेबांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले की मशीन बंद कर, आज लवकर घरी जा.

रविवार, २१ मार्च

फ्रान्सिससाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली. शवपेटी नव्हती. जिथे ती ठेवतात तिथे जागा मोकळी सोडली होती आणि सगळे त्या मोकळ्या जागेला वळसा घालून चालत होते.

घरी आल्यावर मी आंटींना विचारलंच. त्या बावखलात पूर्वी कधी कोणी बुडालं होतं का, लोक काही म्हणतात का त्याच्याबद्दल. त्यांनी आठवून पाहिलं. कोणी नाही. त्यांच्या नणंदा तिथे पोहायला शिकल्या, म्हशी बसायच्या, मिरच्यांना पाणी जायचं. उन्हाळ्यात सगळ्या आळीला तेच पाणी.

"चांगलं पाणी होतं, बाय. आम्ही प्यायचो," म्हणाल्या.

त्यांनी एखादी भुताची गोष्ट सांगितली असती तर मला झोप लागली असती. मग उतारा, प्रार्थना, काहीतरी करता आलं असतं. ज्याची काही गोष्टच नाही त्याचं काय करायचं?

गुरुवार, १ एप्रिल

कमळी

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती घमेलं विसळायला बावखलावर गेली. मी खिडकीतून पाहिलं आणि ओरडत बाहेर पळाले. ती कडेच्या मुरमावर उभी होती, घोट्याएवढ्या पाण्यात. माझं ओरडणं ऐकून वळली. हसली.

"अगो बाय, पानी कुठं हाय इथं, पाय पन भिजत नाय —"

घसरली नाही. पडली नाही. उभीच्या उभी खाली गेली, खिळा ठोकावा तशी. पोटापर्यंत, खांद्यापर्यंत. हात वर होते. मी तिथवर पोहोचले तेव्हा फक्त घमेलं तरंगत होतं. मी ती उभी होती तिथेच उभी राहिले, नाचले, टाचा आपटल्या. खाली घट्ट मुरूम होता. मला नाही घेतलं. का नाही घेतलं?

तिचा नवरा संध्याकाळपर्यंत काठावर बसला. मग मुकादमाने त्याला टेम्पोत घालून पाड्यावर पोहोचवलं.

पाच फूट.

शुक्रवार, २ एप्रिल

मी आकडा भरला नाही. भरायची गरज नव्हती. तो मला माहीत आहे. एक. आणि ते दिवस नाहीत.

मयेकर साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील, रजेवर पाठवतील. त्यांनी टेबलाचा खण उघडून सिगरेटच्या पाकिटाचा कागद दाखवला. त्यावर त्यांनी हाच भागाकार केला होता, कोळी परत गेले त्याच रात्री. म्हणाले, दोन आलं तेव्हा मी गप्प बसलो, सुरुची. मला वाटलं बोललं की खरं होतं.

त्यांनी काम थांबवलं. बावखलाभोवती बांबूचं दुहेरी कुंपण घातलं, स्वतः उभं राहून. आम्ही चौकीवर गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की तक्रार कोणाविरुद्ध लिहू.

सोमवार, १२ एप्रिल

काल ईस्टर. आंटींनी काही केलं नाही. शेजारून आलेला केक तसाच आहे.

हेड ऑफिसहून सिद्धेश नावाचा मुलगा आला. माझ्याच वयाचा, नीटनेटका, नम्र. त्याने वेळापत्रक उघडलं, पाच फुटांचा आकडा स्वतः भरला आणि विचारलं की एका दिवसाचं काम राहिलंय आणि तुम्ही इतके दिवस थांबलात? पावसाळ्याआधी पाया भरून व्हायला हवा.

मी त्याला सगळं सांगितलं. अगदी सगळं. रडले. मला पाण्याचा ग्लास भरून दिला. माझं पाणी पिऊन होईपर्यंत थांबला.

मग विचारलं, "म्हणजे आता एकच ना?"

मला आधी कळलंच नाही. मी मान हलवली. मी हो म्हणून मान हलवली.

त्याने मुकादमाला बोलावलं आणि गाड्यांना अडचण होते म्हणून कुंपण काढायला सांगितलं. उद्या सकाळी आठ बाया काठावर मुरूम पसरायला. बस्स, एवढंच बोलला. वाईट असं काहीच बोलला नाही.

मंगळवार, १३ एप्रिल

मी लवकर गेले. बायांना सांगितलं की जाऊ नका. त्या म्हणाल्या, हजेरी लागेल का? काय सांगू —

मयेकर साहेब आले. त्यांनी सगळ्यांना चहाला पाठवलं. सगळ्या बायांना, रोलरवाल्याला, मुकादमालाही. सिद्धेश फोनवर होता. मला म्हणाले की तूही जा, मला वेलची टाकून सांग.

मी निम्म्या वाटेत वळून पाहिलं. सळया तपासायला जाताना दुमडतात तशा त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. चालत होते. पळत नव्हते, थांबत नव्हते. पाणी अजून त्यांच्या कमरेच्याही वर नव्हतं. त्यांनी नाक दाबलं, लहान मुलं दाबतात तसं —

माझ्या हातून आवाजच फुटला नाही असं लिहिणार होते. हातून नाही. तोंडून. मला आज शब्द —

त्यांच्या घरी सिद्धेशने फोन केला. हार्ट अटॅक म्हणाला. मग बॉडी कुठे, विचारल्यावर फोन मला दिला.

गुरुवार, १५ एप्रिल

कोरडी जमीन. सपाट. बांबू आपटला की खण् वाजतो. कोणी म्हणणार नाही इथे पाणी होतं.

सिद्धेशने रोलर फिरवला. गरज नव्हती. मला काम पूर्ण झाल्याची खूण करायला सांगितली. पट्टी निळीची काळी झाली.

हेड ऑफिसहून अभिनंदन.

मंगळवार, २० एप्रिल

होळीला जागा घेतलीय. सण नव्हे, वसईजवळच्या गावाचं नाव. भाज्यांचे मळे. मळ्यांत तीन बावखलं, आमच्यापेक्षा मोठी.

सिद्धेश म्हणाला, मापं आलीत, दिवस काढ. दर कुठला धरू विचारलं. म्हणाला —

"उमेळ्याचाच."

सहज. विटकामाचा दर सांगावा तसा.

मी राजीनामा लिहून दिला. त्याने घेतला. अडवलं नाही. आंटींना सांगितलं की मी जाते, तुम्हीही चला. त्या म्हणाल्या, फ्रान्सिस इथे आहे.

बुधवार, २१ एप्रिल

ट्रंक भरली. सही करायला ऑफिसात गेले. तो माझ्या खुर्चीत. होळीचं वेळापत्रक उघडं. माणसांचा रकाना त्याने अंदाजाने भरलेला.

बारा.

मापं शेजारीच पडली होती. मी नको म्हणत असताना डोक्यात भागाकार झाला — तो होतोच — एका माणसाला पाच फूट, क्षेत्रफळ अमुक — बारा नाही लागत. नऊ पुरतात. तीन जास्त आहेत. मी म्हटलं, चुकलंय.

तो खुर्चीतून उठला. म्हणाला, मग तूच कर ना.

गुरुवार, २२ एप्रिल

आज होळीला गेले. खोली मोजायला. मळ्यात बाया वांगी तोडत होत्या. एकीने मला वांगी दिली. तिचं नाव विचारलं नाही. विचारणार नाही कोणाचंच —

मार्सेल भेटला रस्त्यात. त्याला सांगितलं, सगळ्या गावाला सांग, काठावर जाऊ नका. म्हणाला, सांगितलं मॅडम, दोन दिवस सांगतोय. लोक विचारतात, मग काम कुठे करायचं.

शुक्रवार, २३

पुन्हा मोजलं. एका बावखलाचा तळ वर आहे. आठ. नीट मोजलं तर आठ. मी गेले तर तो पुन्हा बारा धरील. आणि बारा धरले तर बारा उभे करील. मी राहिले तर आठ. चार माणसं मी — चार जणांना मी वाचव—

हा हिशेब बरोबर आहे. कोणीतरी सांगा की बरोबर आहे

शनिवार

सिद्धेश मागे उभा आहे. घाई नाही म्हणतो, सावकाश कर. रकाना रिकामा आहे. आठ लिहायचंय. सात होतील का पुन्हा बघते. काठ जर तिरपा धरला, आणि पाणी उन्हाळ्यात जरा खाली — साडेसात — अर्धं माणूस नसतं, तो म्हणाला, वर धरायचं — मी म्हटलं खाली, खाली धरूया — तो म्हणाला बरं, तू म्हणशील तसं, सात, पण मग सातवा नक्की लागेल ना, कमी पडायला नको, नाव टाकून ठेव, म्हणून मी त्या रकान्यात माझं